काकूचा विमा आणि सारजाबाईची शेळी

तीर्थरूप शहादेव दाजींना,

सटवाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. (खरंच ठेवलं असतं, पण तुमचे पाय पुण्यात आणि माझं डोकं इथं तुमच्या काकूपायी फिरलेलं.) साखराअक्का बरी असंल. तुमचे गुडघे कसे हायेत? तिसऱ्या मजल्यावर घर घेणाऱ्यानं गुडघ्याची तक्रार करू नये असं माझं मत हाय, पण ते ऱ्हाऊ द्या. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुमी "थोडक्यात सांग" म्हणता, आणि तुमच्या घरची भानगड थोडक्यात मावत न्हाई.

तर तुमचे चुलते आसारामकाका तरणेपणी विलायतेला गेले, तिथं बस हाकली, गोरी नर्स बायको केली आणि गेल्या साली वारले. त्यांच्या मागं ही आयरीनकाकू, नोकरीतून निवृत्त झालेली, दोन बॅगा घेऊन नवऱ्याच्या गावी कायमची ऱ्हायला आली. तुमी तिला स्टँडवर माझ्या हवाली केलं आणि म्हणालात, "सटवा, तू रिकामाच हायेस. हिच्या दवाखान्याच्या विम्याचं आणि टॅक्सचं बघ. न्हाई जमलं तर जीप घेऊन येतो आणि पुण्याला वृद्धाश्रमात टाकतो. तुलाबी तिथंच वॉचमन लावतो." रिकामा कावून म्हणालात? मी घाटनांदूरला निघालो होतो. तिथं तात्याबा नावाचा एक मेंढक्या हाय, तो नुसत्या शिट्टीवर शंभर मेंढरं बसवतो आणि बायकोला मात्र... पण ते ऱ्हाऊ द्या, काकूकडं येतो.

काकूला मराठी येतं. ते आसारामकाकांनी शिकवलेलं, म्हणजे पन्नास वर्षांमागं आपल्या गावच्या पारावर जे बोलत होते ते. काका लाडात आले की तिला "बे" म्हणत, म्हणून ती समजते की "बे" हा मानाचा शब्द हाय. तालुक्याच्या कचेरीत कारकुनासमोर उभी ऱ्हायली आणि म्हणाली, "कावून बसलाय बे? मला टॅक्स भरायचाय." कारकुनाच्या हातातला चहा कपातच ऱ्हायला. तिच्या देशाची रीत म्हणे, नव्या गावात बस्तान मांडलं की आधी दवाखान्याचं आणि सरकारचं बघायचं, मग चूल पेटवायची. (आपल्याकडं ही दोन्ही कामं मेल्यावर पोरं बघतात.) कारकुनानं विचारलं, नोटीस कुठाय? म्हणलं, नोटीस न्हाई. मग आलात कशाला? पेन्शनीवर टॅक्स भरायला. त्यानं शिपायाला बोलावलं, शिपायानं शेजारच्या टेबलाला बोलावलं, सगळ्यांनी काकूकडं असं बघितलं जसं दोन तोंडाच्या वासराकडं बघतात. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाले, बाईचं डोकं ठिकाणावर हाय ना? टॅक्सचं मार्चात बघू. लईच हौस असंल तर गावात जाऊन पाणीपट्टी भरा.

आणि दाजी, तिनं भरली! मागच्या सगळ्या बाकीसकट. मी शेरडामागं रानात गेलतो, न्हाई तर आडवा पडलो असतो. तीन सालं झाली, नळ तोंड उघडलं की नुसता खोकतो. गावानं मारुतीपुढं नारळ फोडून शपथ घेतलेली, की नळाला पाणी येईस्तोवर कुणी छदाम द्यायचा न्हाई. तुमचं गाव आजवर कशावर एक झालं असंल तर ह्या एकाच गोष्टीवर, आणि तुमच्या काकूनं ती एका पावतीत मोडली. तोंड लपवून फिरणारा ग्रामसेवक दुसऱ्या दिवशी भोंगा लावून ओरडला, "विलायतेची बाई भरती, तुमाला लाजा कशा न्हाईत?" झालं. काकूला कुणी मीठ दिईना. टँकर आला तर शेजारच्या सारजाबाईनं तिची घागर रांगेतून उचलून बाजूला ठिवली. म्हणाली, "मडम, तुझं पाणी नळाला येतंय. तिकडं जा." काकू म्हणाली, "यील की बे, पैसे घेतलेत त्यांनी," आणि रोज सकाळी रिकामी घागर घेऊन पंचायतीच्या पायरीवर बसायला लागली. ग्रामसेवक पुन्हा गायब.

आता विमा. कंपनीचा एजंट काकूचं वय ऐकून चहाबी न घेता गेला. मग उरली आपली सोसायटी. सोसायटीत सभासदांना दवाखान्याची योजना हाय, पण सभासद कोण, तर ज्याच्या रानात ऊस उभा हाय तो. ह्या दुष्काळात! माणसं उभी ऱ्हाईनात, ऊस कुठला? चेअरमन धुळाजीराव म्हणाले, त्यात काय, काकाच्या सातबाऱ्यावर दहा गुंठे लावून टाकू. सगळ्यांचा तसाच हाय. (सोसायटीच्या दप्तरात आपलं गाव इतकं हिरवंगार हाय की बघून मोर नाचावेत.) काकू म्हणाली, "खोटं न्हाई लिवायचं बे." चेअरमनला आजवर असं कुणी बोललं नव्हतं, "बे" तर न्हाईच, पण "खोटं न्हाई" हेबी न्हाई.

मग बाईनं खरंच ऊस लावला. न्हाणीमागं, सांडपाण्यावर. बेणं आणायला मी माजलगावला गेलतो. तिथं धरणाच्या कोरड्या पोटात एक माणूस कलिंगडं विकत होता, त्याच्याशी बोलण्यात दोन दिवस गेले, पण बेणं आणलं. टँकरच्या रांगेतली माझी घागर कुणी हलवत न्हाई, म्हणून पाणी मी भरायचो, आणि त्याचा थेंब वाया जायचा न्हाई म्हणून काकूनं मला रोज उसात उभं करून आंघोळ करायला लावली. दाजी, उभ्या जन्मात माझं अंग इतकं ओलं झालं न्हाई. पण ऊस गुडघ्याएवढा आला. पंचक्रोशीत हिरवं असं तेवढंच. चेअरमन बघायला आले, पानाला हात लावून खात्री केली, आणि नाइलाजानं म्हणाले, सोमवारी नोंद करू.

रविवारी सारजाबाईच्या शेळीनं काकूचा विमा खाल्ला. सगळा. बुडख्यापर्यंत.

वर शेळीचं पोट फुगून ढोल झालं. जनावराचा डॉक्टर लांब चारा छावणीवर. सारजाबाई ऊर बडवायला लागली, कारण तिच्या घरात दूध देणारं तेवढं एकच. काकू आली, शेळीला गोडं तेल पाजलं, पुढचे पाय उंचावर ठिवले आणि पोट चोळत बसली ते दिवस मावळंस्तोवर, तोंडानं एकच, "मरू नको बे, मरू नको." शेळीनं शेवटी जो वारा सोडला तो पारावर ऐकू गेला. जगली. सारजाबाई शेळी घेऊन घरात गेली आणि आतून कडी लावली. असलं हे तुमचं गाव.

सोमवारी चेअरमन आले, बुडखे बघितले, म्हणाले, ऊस उभा न्हाई, योजना लागू न्हाई. मी म्हणलं, तुमचा तरी कुठं उभा हाय? तर म्हणतात, "कागदावरचा ऊस शेळी खात न्हाई, म्हणून तर आमी तिथं लावतो."

तेव्हा दाजी, माझ्यानं काही झालं न्हाई. विमा शेळीच्या पोटात, टॅक्स मार्चात. जीप घेऊन या आणि तुमचं माणूस घेऊन जा. मी गुरुवारी घाटनांदूरला निघालो.

आपला आज्ञाधारक (जमंल तेवढा),
सटवा

ता. क. पत्र टाकायला गेलतो, वाटेत कुस्त्या लागल्या, म्हणून ते आठवडाभर खिशात ऱ्हायलं. जीप जरा थांबवा. परवा पहाटं सारजाबाई खरकट्या पाण्याची बादली घेऊन आली, बुडख्यांवर ओतली आणि गेली. काल चार बायका आल्या. आज न्हाणीमागं रांग हाय, टँकरला असती तशी. नळाला पाणी आलंय असं समजू नका, तो अजून खोकतोच.

आणखी ता. क. बुडख्यांना फुटवे आलेत. चेअरमनला विचारलं, बुडख्यातनं पुन्हा फुटलेल्या ह्या खोडव्याला उभा ऊस म्हणत्यात का? त्यांना न्हाई म्हणायचं होतं, पण मागं सारजाबाई बादली घेऊन उभी होती. म्हणाले, चालंल, पण नोंद होईस्तोवर राखण ठिवा. काकू आता पुण्याला यायची न्हाई, तुमी दोन जीपा आणल्या तरी.

शेवटचं. तुमच्या माळ्यावर माझी लोखंडी पेटी हाय, ती एसटीनं धाडून द्या. वॉचमनची नोकरी मला इथंच लागली. अक्कानं पगार विचारला तर सांगा, रोजची आंघोळ.