गाण्याखालचं नाव

नागाव,
मंगळवार सकाळ

प्रिय नेत्रा,

रविवारी अलिबागच्या कार्यक्रमात मला मंचावर बोलावून शाल घालणार, असं तू फोनवर म्हणालीस आणि मी नुसतं 'बरं' म्हणालो. तेव्हापासून चार पत्रं फाडली. हे पाचवं.

परवा वाडीत बसून फोनवर तुझी मुलाखत ऐकली. आयोजकांनी 'बायकांच्या तक्रारी नकोत, काहीतरी गोड गा' म्हटल्यावर तू पियानोचं झाकण लावून निघून आलीस, ते सांगताना तू हसत होतीस. मला आपल्या शाळेतली पायपेटी आठवली. तुझे पाय पायट्यांपर्यंत पोचत नसत. मी खाली बसून ते हातांनी दाबायचो, तू वर सूर शोधायचीस आणि पुस्तकातल्या सगळ्या कविता आपण चालीवर म्हणायचो. काय दिवस होते ते! मुलाखतीत पुढे तू म्हणालीस, कविता मला बाबांनी दिली. मी फोन बंद केला.

तुझी आई खारेपाटातली धवलारीण, हळदीत आणि लग्नात धवले गाणारी. तिच्या आवाजाशिवाय तिकडे मांडव सुरू होत नसे. मग मी मुख्याध्यापक झालो. शिक्षकांच्या खोलीत एकाने विचारलं, सरांच्या बाईंना हळदीला बोलवायचं तर अर्ज कुणाकडे करायचा? सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन तिला म्हटलं, आता पुरे. ती भांडली नाही. तुला आम्ही सांगितलं, आईचा घसा बसला.

तरी वाल सोलताना ती गुणगुणायची. त्यातलं एक तिने स्वतः रचलेलं: 'मांडव माजा, हलद माजी, घर कोनाचा गं आये?' मी ते उतरवून घेतलं, पुस्तकी मराठीत बसवलं आणि वर्गात माझी कविता म्हणून वाचलं. तू पाचवीत, पहिल्या बाकावर. तुझा चेहरा असा फुलला की खरं सांगायचं राहून गेलं. पुढे त्याच ओळींना तू पियानोवर चाल लावलीस. आज सभागृहातल्या बायका उभ्या राहून ते गाणं तुझ्याबरोबर म्हणतात, आणि खाली छापलेलं असतं: शब्द, माझे वडील.

काल तिला म्हटलं, नेत्राला सांगून टाकतो. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "आता सांगून पोरीचा बाप कशाला काढून घेता, मास्तर?" तीस वर्षं ती गप्प का होती, ते मला काल कळलं.

म्हणून तिला न विचारता हे पत्र टाकतोय. गाण्याखाली आईचं नाव लिही, नीराबाई, आणि शाल तिला घाल. मी मागच्या रांगेत बसेन. नंतर माझ्याशी बोलायचं की नाही, ते तुझं तू ठरव. गाडीत माझ्यासाठी जागा धरू नकोस. मी एसटीने घरी येईन.

तुझाच, फार उशिरा बोललेला,
बाबा