मुकादमची जखम आणि माझा लेप

३ मार्च

मुकादमने पुन्हा खाजवून रक्त काढलं! शेपटीच्या जरा वर रुपयाएवढी जखम होती, ती तळहाताएवढी झाली. केस गळलेत, पाणी सुटलंय. सून म्हणाली, डॉक्टरकडे नेऊ. मी म्हटलं, काही नको. माझ्या हाताला गुण आहे. मुलाची खरूज मीच बरी केली होती – तोच आता तुझा नवरा आहे! ती गप्प बसली. ती गप्प बसते तेव्हा तिला पटलेलं नसतं.

हे गेले ते मुकादमला माझ्या पदरात टाकून. ‘ह्याला जप’ – एवढंच म्हणाले. पोटच्या पोराबद्दलसुद्धा चकार शब्द नाही! आता ह्या कुत्र्याला काही झालं तर ह्यांच्या फोटोसमोर उभी कशी राहू?

४ मार्च

कडुलिंबाचा पाला उकळला. कडेचे केस कात्रीने कापले, कोमट पाण्याने जखम धुतली, टिपून कोरडी केली, मग खोबरेल तेलात हळद कालवून लेप लावला. हात धुऊन येते तर मुकादमने सगळा चाटून साफ! पिवळी जीभ काढून माझ्याकडेच बघत बसला. निर्लज्ज.

५ मार्च

युक्ती सुचली. मुलाचा जुना स्वेटर उलटा चढवला, बाह्यांत मागचे पाय. शेपटीसाठी भोक. तोंड पोचेना! सोफ्याखाली जाऊन रुसून बसला.

सून आपणहून त्याला फिरवायला घेऊन गेली. कधी नाही ते! बऱ्याच उशिरा आली. स्वेटर घातलेला कुत्रा बघून लोक थांबवत होते म्हणे. संध्याकाळी दूधही तिनेच पाजलं. चला, लळा लागतोय.

९ मार्च

पाणी थांबलं! कडेने खपली धरतेय. मुलाला हात धरून दाखवली. तो म्हणाला, वा. नुसतं वा! बापावर गेलाय.

१४ मार्च

केस फुटले! बारीक, मखमलीसारखे. मुकादम दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर पूर्वीसारखा भुंकला. मला रडूच आलं. ह्यांच्या फोटोला म्हटलं, बघा, जपला की नाही?

जिन्यात भेटेल त्याला सांगितलं. पाणीवाल्यालाही सांगितलं, त्याच्याकडे कुत्रा नाही तरी! तळमजल्यावरची शिंपीण ऐकून वरच आली. तिच्या कुत्रीच्या कानामागे चिघळलंय, अंगात कणकण आहे. दवाखान्यात न्यायची होती, पण आता म्हणते, तुमचाच लेप द्या. उद्या वाटीभर देते म्हटलं. छाती कशी फुगली!

सुनेचा चेहरा मात्र उतरला. माणसाला दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही, हेच खरं.

१५ मार्च

वाटी घेऊन निघाले तर सून दारात आडवी! म्हणाली, देऊ नका. मी म्हटलं, का? तर बोलेना. मग मीही तोंड सोडलं. नको नको ते बोलले. शेवटी रडत म्हणाली, "आई, मुकादमला मी डॉक्टरांकडे नेलं होतं. त्या दिवसापासून दुधात गोळी कुटून घालतेय. तुम्हाला कधीच सांगणार नव्हते. पण त्या बाईंची कुत्री मरेल हो!"

मी वाटी ओट्यावर ठेवली. आत जाऊन दार लावून घेतलं. जेवले नाही.

१६ मार्च

सकाळी सुनेला घेऊन शिंपिणीकडे गेले. लेप नको, कुत्रीला उचल म्हटलं. तिघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, मुकादम बरा झाला ना, गोळ्या रोज नेमाने कुणी दिल्या? मी सुनेला पुढे ढकललं. म्हटलं, हिने. माझी सून आहे.