सात्या ओळखणारं सॉफ्टवेअर

आई, तीन दिवस झाले, मी घरच्या कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर बसवते आहे. रानातली अळंबी ओळखून देणारं, म्हणजे आपल्या सात्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, सात्या पाहाले डोळे पुरतात, पेटी कायले पाह्यजे. तुझे जावईही तेच म्हणतात. काल चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभे राहिले. "सात्या खायच्या असन त बाजारातून डबा आणून देतो ना. येवढं काय करून राहिली तू?" मी म्हटलं, खायच्या नाहीत. मग कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांची जुनी गाणी मी काढून टाकली म्हणून ते आधीच घुश्श्यात होते. कॉम्प्युटरमध्ये जागाच उरली नव्हती, मी तरी काय करू. पहिल्यांदा सॉफ्टवेअर अर्ध्यात अडकलं. दुसऱ्यांदा लाइट गेली. तिसऱ्यांदा कॉम्प्युटर विचारत राहिला की ह्या अनोळखी वस्तूला आत घेऊ का, आणि मी न वाचताच हो म्हणत गेले. मध्येच उठून भाजी निवडली, कपड्यांच्या घड्या केल्या, परत येऊन बसले. मन कशातच लागत नव्हतं.

हे सगळं सुरू झालं रामाकोन्यात. मागच्या महिन्यात मुलीला घेऊन आत्याकडे गेले होते. आत्या आता पार वाकली, पण जीभ तशीच आहे. माझ्या मुलीला जवळ बसवून, हसत हसत सांगते, "तुह्या आजीनं मले मारलंच होतं. जहरी सात्या खाऊ घातल्या, अन् सोता एक घास नाही खाल्ला." मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. परतताना गाडीत तिने विचारलं, "खरं आहे का गं?" मी म्हटलं, माहीत नाही. हे सॉफ्टवेअर तिनेच शोधून पाठवलं. फोनवरच्या अ‍ॅपला फोटो लागतो, आणि माझ्याकडे फोटो कुठला. हे नुसते प्रश्न विचारतं.

पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा होता तो. मी दहा वर्षांची. श्रावण काल संपलेला, म्हणून आज सात्या चालणार. आपल्याकडे त्या मटणातच धरायचे. आत्या पोळ्याला माहेरी आलेली. तू सकाळीच संत्र्याच्या बगिच्यात गेलीस, मी तुझ्या मागे. तू सात्या उपटत नव्हतीस. विळ्याने माती उकरत खाली खाली जायचीस, पार वारुळापर्यंत, आणि लांब मुळासकट काढायचीस. "मूळ वारुळात गेलं पाह्यजे. नाही गेलं त ते आपलं नाही," तू म्हणालीस. टोपली अर्धीच भरली. पाहुण्यांना पुरणार नाही म्हणून तू पुटपुटत होतीस, ते मी ऐकलं. मला स्वतःला सात्यांचा वास आवडायचा नाही, मी खातही नसे. पण तू खूश व्हावंस असं फार वाटायचं मला तेव्हा. घरी आल्यावर मी गोठ्यामागच्या गवताकडे गेले. तिथे पांढऱ्याशुभ्र, मोठमोठ्या उगवल्या होत्या. शाळेच्या पांढऱ्या रुमालात सात-आठ बांधून आणल्या, आणि तू चुलीशी पाठमोरी असताना निवडून मोडून ठेवलेल्या सात्यांत तशाच मोडून मिसळून दिल्या. तुझी टोपली भरलेली दिसावी म्हणून.

आत्या पाहुणी, तिला तू दोनदा वाढलंस. बाबांनी थोडं खाल्लं. तू शेवटी बसलीस तेव्हा पातेल्यात रस्साही नव्हता, तू चटणीशी भाकर खाल्लीस. रोजच तसं जेवायचीस तू. पण संध्याकाळी आत्याला उलट्या सुरू झाल्या, बाबांनाही मळमळायला लागलं, आणि डॉक्टर येऊन गेल्यावर आत्या खाटेवरून म्हणाली, "वयनीनं सोता नाही खाल्ल्या. पाहून घ्या." घरातली कुठली बाई पाहुण्यांच्या आधी पोट भरून उठते? तिथे बसलेल्या सगळ्या बायकांना हे ठाऊक होतं, आणि एकही बोलली नाही. तूही बोलली नाहीस. त्यानंतर तू सात्या शिजवल्या नाहीस, आणि आत्याने तुझ्या हातचं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तुझ्या तेरवीलाही ती न जेवता उठली.

सॉफ्टवेअर आज दुपारी चालू झालं. प्रश्न इंग्रजीत होते. तू बाबांशी भांडून मला कॉन्व्हेंटमध्ये घातलंस, म्हणून मला ते कळत होते. वारुळावर की गवतात? गवतात. देठाला लांब मूळ? नाही. देठावर कडं? मी तिथे थांबले. होतं, आई. बांगडीसारखं. देठावर वरखाली सरकायचं, मी वाटभर त्याच्याशी खेळत आले होते. टोपीखालून गळणाऱ्या भुकटीचा रंग? आणि मला तो रुमाल आठवला. दुसऱ्या दिवशी तू मोरीत बसून माझे कपडे धुते आहेस, रुमाल उजेडात धरतेस. त्यावर हिरवट डाग आहेत. "यात काय बांधलं होतं?" तू विचारतेस. मी म्हणते, पेरूची पानं. तू माझ्याकडे पाहतेस, बराच वेळ. मग रुमालाला साबण लावतेस आणि पुढे कधीच काही विचारत नाहीस.

मी हिरवा निवडला. पडद्यावर एक लांबलचक नाव आलं, त्याखाली लिहिलेलं, विषारी, काही तासांत उलट्या आणि जुलाब. हे मला नवं वाटलं नाही. नवं हे होतं की तुला त्या सकाळी मोरीतच कळलं होतं. वारुळातलं मूळ पाहणाऱ्या बाईला तो डाग कळला नसेल असं मी इतकी वर्षं कसं धरून चालले? आत्याच्या खाटेपर्यंत वीस पावलं होती. तू गेली नाहीस. दहा वर्षांच्या पोरीचं नाव तुला तिथे घ्यायचं नव्हतं.

मी उठले, घरात दोन चकरा मारल्या आणि आत्याला फोन लावला. म्हटलं, आत्या, त्या दिवशीच्या सात्या मी कॉम्प्युटरवर तपासल्या. आईने आणलेल्या चांगल्याच होत्या. गोठ्यामागच्या दुसऱ्या जहरी असतात, त्या त्यात पडल्या होत्या. आईची काही चूक नव्हती.

मला आत्याचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "म्हंजे वयनीनं नाही केलं?"

"नाही."

"मंग कोनं टाकल्या त्या?"

मी म्हटलं, आवाज तुटून राहिला आत्या, ऐकू येत नाही. हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगते. आवाज अगदी स्वच्छ येत होता.