व्हेरामावशीचं पथ्य

९ नोव्हेंबर
आले एकदाची डोंगरीला! गोडदेवला ताईकडे रोज पाव, इडल्या, नाहीतर कुणाचा तरी केक. तिथे माझं पथ्य जमलंच नसतं. पोटात यीस्ट वाढलंय, असं ऑनलाइनवाल्या डाएट मॅडम म्हणाल्या. साखर, मैदा, आंबवलेलं काही नको. त्याला उपाशी ठेवलं की ते मरतं.

खोली मस्त आहे. खिडकीतून माड आणि समुद्राचा एक तुकडा दिसतो. भाईंदरच्या क्लिनिकला कामावर जायला बस आहे. घरमालकीण व्हेरामावशी साठीच्या, एकट्याच असतात. पथ्याचं लाजत लाजतच सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला. त्यांच्या मुलीचं, ॲमंडाचंही हेच पथ्य होतं म्हणे. मिनल, तुझं जेवण मीच करीन, म्हणाल्या.

१५ नोव्हेंबर
दुधी, अंडी, भरपूर लसूण. पोट फुगत नाही, हलकं वाटतंय. कुर्ते सैल झालेत. मी जेवताना मावशी समोर बसून बघतात, स्वतः काही खात नाहीत. ॲमंडा कुठे असते विचारलं, तर म्हणाल्या, "हाय ना, घरातच." मला वाटलं होतं, मावशी एकट्याच राहतात. कामावरून उशिरा येत असेल.

२३ नोव्हेंबर
अंडी बंद झाली. आता नुसतं भाजीचं पाणी. डाएट मॅडमनी एवढं कडक सांगितलं नव्हतं, पण मावशींपुढे बोलवत नाही. आज त्यांनी माझ्या पोटावर तळहात ठेवला, भिजवलेलं पीठ दाबून बघावं तसा.

"अजून भरलेली हायस. जागा न्हाय झाली."

जागा कशाला, म्हणून मी हसले. त्या हसल्या नाहीत.

खोलीत फुगलेल्या पिठाचा आंबूस वास येतो. घरात तर पीठच नाही.

२९ नोव्हेंबर
क्लिनिकमध्ये चक्कर आली. डॉक्टर मॅडम रागावल्या, याला पथ्य म्हणत नाहीत, ही उपासमार आहे म्हणाल्या. दुपारीच घरी पाठवलं. भाजीचं पाणी पीत बसले होते तेव्हा कुणीतरी चावत होतं. माझ्या अगदी शेजारी. रिकामं तोंड चावल्यासारखं. मी वाटी खाली ठेवली.

आवाज थांबला नाही.

३ डिसेंबर
शेजारच्या कॅल्विनच्या रिक्षातून आले. त्याला ॲमंडाबद्दल विचारलं. त्याने रिक्षा बाजूलाच घेतली. ॲमंडा गेल्या वर्षी वारली. याच पथ्यात. शेवटी शेवटी गल्लीत येऊन पाव मागायची, आणि मावशी तिला ओढून आत न्यायच्या, थोडं सोस, बरी होशील म्हणत. शवपेटी उचलताना हलकी लागली, म्हणाला.

"तू जा इथून. उद्या नको, आजच जा."

चौकातल्या बेकरीतून पाव घेतला, उभ्या उभ्या खाल्ला. चव लागली नाही. काहीच नाही. आणि मग आवाज आला, कानात नाही, पोटातून—

अजून.

४ डिसेंबर
काल निघालेच नाही. बॅग भरली होती. दारापर्यंत गेले, पाय स्वयंपाकघराकडे वळले. माझे पाय. तीनदा असंच.

ताईला फोन लावला. ती विचारत राहिली, कोण बोलतंय, कोण बोलतंय. मी मिनल म्हणत होते. माझ्या तोंडातून दुसरंच काही—

मावशींनी आज पीठ आणलंय.

५ डिसेंबर
कढईचा आवाज. त्यांनी हाक मारली, ॲमंडा.

मी ओ दिली.

दुपार
फुगे तळलेत, आंबवलेल्या मैद्याचे गोळे, गरम. दोन्ही हातांनी खाल्ले जातायत. जीभ भाजतेय, मला कळत नाही. मावशी रडतायत, केसांवरून हात फिरवतायत. "खा बाय. आता कोन न्हाय अडवनार तुला." म्हणतायत, चुकलं माझं. तिला म्हणतायत. माझ्याकडे बघून.

चव तिला लागते. मला फक्त भूक. केवढी भूक—

हा हात अजून थोडा माझा आहे. तेवढ्यात लिहिते. ताई, न्यायला ये. पण दार उघडेल ती मी न—