एका माणसापुरते शॉकप

११ जानेवारी १९६७

आज गाडी गिरणीच्या आवारातून पहिल्यांदा रस्त्यावर आली. आपल्या हातची गाडी! मोडीत निघालेल्या जीपचा सांगाडा, भंगारातल्या फियाटचं इंजिन, सागाची चौकट, वर पत्रा. अख्खं डोणगाव बघायला जमलं होतं. पण मारुतीच्या पारापर्यंत जाईस्तोवर माझेच दात एकमेकांवर आपटले. चाकांचे धक्के गिळणारे शॉकप जुने, झिजून दगड झालेले. खड्ड्यातला धक्का जसाच्या तसा पाठीत!

लोक टाळ्या वाजवत होते आणि मला घाम फुटला होता. ही गाडी मिरवायला केलेली नाही. माझ्या बायकोची, जनकाची, दोन बाळं गेली. पहिलं बैलगाडीत, दुसरं एस.टी.त. दोन्ही वेळा माहेरी जाताना, सातव्या महिन्यात. डॉक्टर बजावून म्हणाले, आता या तिसऱ्या खेपेला पोटाला हादरा नको. मी म्हटलं, मेहकरच्या दवाखान्यातच ठेवू. कुणी ऐकेल तर शपथ! सासूबाई वडनेरच्या सुईण. लेकीचं बाळंतपण दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत.

मग धक्का न देणारी गाडीच केली पाहिजे. केली. फक्त शॉकप राहिले.

१३ जानेवारी

जनकाला म्हटलं, बसून तरी बघ. "पुरी तयार होऊ द्या, मंग बसीन." दारातूनच बघत होती. गाडीकडे नाही, माझ्याकडे.

१९ जानेवारी

खामगावला खुर्शीदकडे. भंगाराचा व्यापारी, जुना दोस्त. बोलायला बसला की चहा निवतो. त्याने दोन जोड पुढ्यात टाकले. एक जाड, आतलं तेल घट्ट, दाबायला दोन माणसं लागावीत. दुसरा मऊ. तळव्याने दाबला की सावकाश आत जातो, सावकाश वर येतो. झोपलेल्या लेकराच्या छातीसारखा.

"बसनार किती जन, गुलाबभाऊ?"

"मी पुढे, जनका मागे. बस्स."

"मंग हेच नरम घ्या. भाभी एकदम आरामशीर जाईन."

घेतले. जाड जोडाकडे वळूनही पाहिलं नाही. परतताना एस.टी.त जोड मांडीवर धरून बसलो होतो, आनंदात असायला हवं होतं. जीव उगाच घाबरा. का, ते कळेना.

२२ जानेवारी

शॉकप बसवले. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून मागच्या स्प्रिंगचे दोन पाटेही काढून टाकले. गाडी आणखी मऊ झाली.

आता परीक्षा. जनकाला गिरणीच्या काट्यावर उभी केली आणि तिच्या वजनाइतकी सरकी पोत्यात भरली. आई कडाडली — "पोटुशी बाई काट्यावर तोलतेत का रे? धान्य हाय का थे?" तोलली! असल्या गोष्टी मानायला लागलो तर इंजिन सुरू करायलाही मुहूर्त लागेल.

पोतं मागच्या सीटवर मधोमध ठेवलं, शेजारी काठोकाठ भरलेला तांब्या. मेहकरला जाऊन आलो. सीट जेमतेम ओली! आवारात शिरताना मोठ्याने ओरडलो, जमलं म्हणून.

जनका ओट्यावर उभी होती. पोत्याकडे बघत राहिली.

"माह्या जागी पोतं काऊन बसवलं?"

"अगं, तुझ्यासाठीच तर!"

"मंग उतरवा थे. लवकर."

हसलो तिला. पण उतरवलं.

३० जानेवारी

ओटी भरून निघायचं पाच तारखेला. त्यानंतर आठवा लागतो, आठव्यात बाईला हलवत नाहीत. म्हणजे हाच दिवस, दुसरा नाही.

२ फेब्रुवारी

गिरणीवर रोज टिटवी ओरडते. आई खिडक्या लावून घेते. पाखरू आहे, ओरडणारच! तरी मी आज दगड मारला तिला.

४ फेब्रुवारी

सासूबाई आल्या. बरोबर मेहुणा तुळशीराम आणि त्याची बायको गीता. लेकीला न्यायला माहेरची माणसं येतात, हे मी विसरलो कसा? माझ्या डोक्यात नुसते शॉकप!

आणि सासरची सोबत हवी म्हणून आईही निघाली. सुनेला रिकाम्या हाती कशी पाठवायची — म्हणून ज्वारीचं पोतं, गुळाची भेली, तेलाचा डबा, डिंक-खोबरं. सगळं ओसरीवर रचून तयार.

म्हटलं, तुम्ही सगळे एस.टी.ने या, मी जनकाला नेतो. आईने पदर डोळ्याला लावला. तुळशीराम म्हणाला, "जावाईबापू, बहिणीले एकली धाडू का? मोटर घरची हाय नं?"

समजावलं. पाटे कमी केलेत, शॉकप मऊ आहेत, एका माणसापुरते. वजन वाढलं की ते आधीच तळाला जाऊन बसतील. मग प्रत्येक खड्ड्याला लोखंडावर लोखंड! तुळशीराम हसला. "जीपीत धा-धा जन बसून राह्यले, जावाईबापू!"

शेवटी जनकाच म्हणाली, "येऊ द्या न हो. नाइतर लोक म्हनतीन, मोटर केली अन् मानसं उतरवले."

काढलेले पाटे लोहाराने कधीच तोडून विळे केले. जाड जोड खामगावात. आणि वडनेरच्या वाटेवरचा खराब रस्ता सगळा खामगावच्या अलीकडेच.

५ फेब्रुवारी

ओटी भरून झाली. सगळे गाडीत बसलेत. पाणी प्यायला म्हणून आत आलो आणि हे लिहितोय.

गाडी मागून इतकी बसली आहे की पत्रा चाकाला टेकायला आला. अंगाचा भार टाकून दाबून पाहिली — दबेचना. दबायला जागाच उरली नाही. म्हटलं, दोघं तरी उतरा. एकदा म्हटलं. कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा म्हणायची माझी छाती झाली नाही. जावई ना मी!

सावकाश नेईन. पायी चालल्यासारखी नेईन. खामगावला जाड जोड बसवून घेईन.

जनका मधोमध बसली आहे, दोन्ही हात पोटावर. आई हाक मारतेय.

८ फेब्रुवारी, वडनेर

मुलगी होती. खामगाव यायच्या आधी, जानेफळच्या पुढेच गेली. सासूबाई म्हणाल्या, नखंसुद्धा आली होती.

जनका वाचली. आज तिने डोळे उघडले. माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "गाडी लय मऊ चालली हो. मले एक बी धक्का नाई लागला."