ताटाची डावी बाजू

मंगळवार, संध्याकाळ

वजनाचा काटा आजही चौऱ्याहत्तरवरच. दीड महिना झाला, हलायलाच तयार नाही. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या, साखर बंद, भात बंद. मग चुकतंय कुठं?

दुपारी शेवटी जिमच्या मॅडमना विचारलं. त्यांनी रोजचं जेवण सांगायला लावलं. मी सगळं सांगितलं, शेंगाचटणी सोडून. मुद्दाम नाही हो. सोलापुरात चटणीला जेवणात कोण धरतं? त्यांनीच खोदून विचारलं आणि कपाळावर हात मारला. दोन्ही वेळा वाटीभर शेंगदाणे, वर तेलाची धार!

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. चटणी त्यांच्या हातची, अजूनही उखळात कुटलेली. वाटलं, आता राग येणार. त्या नुसतं "व्हय का?" म्हणाल्या.

आत्ता जेवायला बसलो, तर माझ्या ताटाची डावी बाजू रिकामी. ते ठीकच. पण त्यांच्याही ताटाची डावी बाजू रिकामी! चटणीशिवाय ज्यांना घास उतरत नाही, त्यांच्या.

"आई, तुम्ही तरी घ्या की."

"नको गं. दात लई दुखायलेत माझे."

काय बाई आहे ही! चटणी तर पिठासारखी मऊ. ती खायला दात कशाला लागतात? काटा हलायचा तेव्हा हलू दे.

आणि दात दुखणाऱ्या सासूबाई शेजारी बसून कडक भाकरी कडाकडा चावत होत्या.