चालू इंजिनात डिझेल भरण्याच्या तोंडी हुकमाबाबत

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
मालवाहतूक आगार,
मुख्य इमारत, पहिला मजला, पंपाच्या बाजूची खोली.

विषय : इंजिन चालू असलेल्या ट्रकमध्ये डिझेल भरण्यास, तसेच त्याबाबतच्या हमीपत्रावर सही करण्यास नकार देण्याबाबत.

संदर्भ : १) आगाराचे परिपत्रक, "डिझेल भरताना इंजिन बंद ठेवावे." पंपावर लाल अक्षरांत लावलेले. खाली आपली सही.
२) आपला आज सकाळचा हुकूम, "भर तसंच." खाली कोणाचीच सही नाही.

महोदय,

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे या आगाराच्या एकुलत्या एका पंपावर डिझेल भरत आहे. आज सायंकाळी पाचपर्यंत "मी स्वतःच्या जबाबदारीवर चालू इंजिनात डिझेल भरीन" अशा हमीपत्रावर सही केली नाही तर त्याला घरी बसवण्यात येईल, असे आपल्या लिपिकाने त्याला सांगितले आहे. हमीपत्र छापील आहे आणि धमकी तोंडी आहे, याची नोंद व्हावी.

२. तंट्याचे मूळ सात नंबरचा ट्रक. त्याचा सेल्फ जाऊन चार महिने झाले. गाडी एकदा बंद केली की किल्लीने सुरू होत नाही, दुसऱ्या गाडीला साखळी बांधून ओढावी लागते. म्हणून चालक ती सकाळी ओढून सुरू करून घेतो आणि दिवसभर बंद करत नाही, जेवायला बसतानाही नाही. फक्त डिझेल भरताना बंद करायची आणि परत ओढायची, असे आजवर निभावले. ओढणारी गाडी आपण सोमवारी दुसऱ्या आगाराला देऊन टाकली. तेव्हापासून सात नंबर रात्रीसुद्धा चालूच असतो. नव्या सेल्फसाठी चालकाने सहा अर्ज केले. सहाही अर्जांवर आपल्या हातचा "पाहू" असा शेरा आहे. चार महिने आपण पाहतच आहात.

३. सदर चालक हे अर्जदाराचे व्याही आहेत. अर्जदाराची मुलगी त्यांच्या घरात दिली आहे. या गोष्टीचा आगाराच्या कामाशी संबंध नाही, असे अर्जदारालाही वाटत होते. मंगळवारी अर्जदाराने त्यांची गाडी न भरता परत पाठवली, त्यांची खेप चुकली आणि आपण ताकीद दिली ती त्यांना. व्याही सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, डिझेल आहे ते, पेट्रोल नाही. पेटती काडी टाकली तरी विझेल. माझ्याच गाडीला बरे नियम आठवतात तुम्हाला." काल मुलीचा फोन आला, "बाबा, मामंजी जेवायला बसले की तुमचंच नाव काढतात. मी वाढू की ऐकत बसू?"  अर्जदाराला आपला फार राग आला. अजून आहे.

४. डिझेल काडीने पेटत नाही, हे अर्जदाराला कोणी शिकवू नये. सहा वर्षांपूर्वी याच पंपावर एका ट्रकचे इंजिन चालू होते, गाडी गिअरमध्ये होती आणि चालकाचा पाय क्लचवरून सटकला. ट्रक हातभर पुढे गेला. टाकीत अडकलेला पाइप तुटला आणि डिझेल तापलेल्या सायलेन्सरवर पडले. तिथे काडीची गरज लागली नाही. अर्जदाराच्या जोडीदाराचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत भाजले. अर्जदार वाळूच्या बादल्या घेऊन धावला, पण पहिल्या दोन बादल्यांत वाळूऐवजी विड्यांची थोटके निघाली. चौकशीत सगळे खापर जोडीदारावर फुटले, "कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा." आज तो फाटकावर खुर्चीत बसून गाड्यांचे नंबर लिहितो. साहेब आले तरी उठत नाही, म्हणून लोक त्याला "नवाब" म्हणतात. त्याला उठता येत नाही.

५. आज सकाळी आपण वरच्या खिडकीतून हुकूम दिलात. अर्जदाराने तो कागदावर मागितला तर खिडकी लागली. म्हणजे नळी अर्जदाराने धरायची, पाय अर्जदाराचे भाजायचे, हमीपत्रावर सही अर्जदाराची, आणि आपण कानांवर हात ठेवून मोकळे. सेल्फ बदलायचा नाही, ओढायची गाडी ठेवायची नाही, आणि पंपवाल्याला वेठीला धरायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

६. सबब विनंती की, सात नंबरला नवा सेल्फ बसवावा. ते जमत नसल्यास संदर्भ दोनमधील हुकूम आपल्या सहीने लेखी द्यावा. तेही जमत नसल्यास आपण स्वतः खाली येऊन नळी धरावी. पाय कुठे ठेवायचे ते अर्जदार दाखवील.

७. इथवर लिहून झाले तेव्हा व्याही गाडी चालूच ठेवून पंपाच्या केबिनमध्ये आले आणि काय लिहिताय ते दाखवा म्हणाले. ते दोन वर्षांपूर्वी बदलून आलेले आहेत, त्यामुळे चौथा परिच्छेद त्यांना ठाऊक नव्हता. तो त्यांनी दोनदा वाचला. मग म्हणाले, "नवाब म्हणजे तो फाटकावरचा? मी रोज हसतो हो त्याला."  व्याही बाहेर गेले आणि त्यांनी इंजिन बंद केले.

८. अर्जदाराने नियमाप्रमाणे सात नंबरची टाकी काठोकाठ भरली आहे. गाडी पंपापुढे आडवी उभी आहे आणि आता ती सुरू होणार नाही. मागे नऊ गाड्या थांबल्या आहेत. त्यांच्या चालकांना इंजिने बंद करायला सांगितले, त्यांनी केली. आगारात सध्या शांतता आहे, ती आपल्याला खिडकी उघडल्यास ऐकू येईल.

आपला, आज दुपारपर्यंत नम्र,
(सही)
डिझेल भरणारा, आगार पंप

वाचले, मान्य आहे. माझेही हेच म्हणणे.
(सही)
चालक, ट्रक नंबर सात

दिनांक : १४, गुरुवार. दुपारी पावणेचार.

सोबत :
१) हमीपत्र, सहीविना.
२) सेल्फसाठीच्या सहा अर्जांच्या प्रती, शेऱ्यांसह.
३) सात नंबरच्या ट्रकची किल्ली. फिरवून पाहावी.